ऐंशी पावलं आणि नऊ किलोमीटर

पैज लागली ती दोन गाड्यांच्या खिडक्यांमधून.

शारजाच्या अल मजाज भागातल्या त्यांच्या टॉवरपासून समोरचं कॅफेटेरिया बरोब्बर ऐंशी पावलांवर आहे. गाडीने जायचं म्हटलं तर पार्किंगचे तीन मजले गोलगोल उतरा, सिग्नलला थांबा, पुढे जाऊन यू-टर्न मारा, सगळं मिळून दीड किलोमीटर. तरीही चौदाव्या मजल्यावरचे रॉयस्टन तुस्कानो आणि विजयकुमार सरपोतदार, ज्यांचे दरवाजे एकमेकांसमोर उघडतात, रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला आपापली गाडी काढून तिथे जायचे. फुटपाथला गाडी लावायची, एसी चालू ठेवायचा आणि हॉर्न दाबायचा. पीं-पीं. की आतून मिशाळ अक्रम ट्रे घेऊन बाहेर. काच खाली, चहा आत, काच वर. मग काच पुन्हा खाली, कारण शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या असतात.

त्या संध्याकाळी विजयकुमारच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन काठ्या होत्या. चकचकीत, निळ्या, टोकाला रबर.

"काय रे, पडदे लावतोयस?" रॉयस्टनने विचारलं.

"ट्रेकिंग पोल आहेत ते," विजयकुमार म्हणाला. "मार्चच्या सुट्टीत गोझोला चाललोय. माल्टाच्या शेजारचं छोटं बेट. अनु शिकवते ती शाळा बंद, माझी रजा मंजूर. समुद्राच्या कडेकडेने हायकिंग करायचं, शांत बीचवर बसायचं. टुरिस्टांची गर्दी नाही, काही नाही."

रॉयस्टनला चहाचा ठसका लागला. बराच वेळ लागला. अक्रमने खिडकीतून हात घालून त्याची पाठ थोपटली.

"हायकिंग? तू? अरे, मागच्या महिन्यात लिफ्ट बंद होती तेव्हा तू तीन तास कोणाकडे बसला होतास? वॉचमनकडे! दुपारचा डबासुद्धा त्याच्याच टेबलावर खाल्लास."

"ते चौदा मजले होते."

"आणि हे किती आहे?"

"नऊ किलोमीटर," विजयकुमार म्हणाला, आणि आकडा तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचा त्यालाच जरा धक्का बसल्यासारखा दिसला. "एका दिवसात. चर्चच्या चौकातून निघायचं ते लाल वाळूच्या बीचपर्यंत. अनु कॉलेजात असताना दर रविवारी किल्ला चढायची, माहितीय? पंचवीस वर्षं झाली लग्नाला. परवा म्हणाली, या वेळी तू आलास तर ठीक, नाही आलास तर पुढच्या वर्षीपासून मी मैत्रिणींबरोबर जाणार आणि तू घरी बसून ओटीटी बघ."

"मग बघ ना. चांगलं चाललंय की."

"तुला काय वाटतं, मला जमणार नाही?"

बस्स. हीच ती जागा. रॉयस्टन अशा जागेची वाट बघत जगायचा.

"लावतोस पैज?" तो म्हणाला. "वाटेत एकदा जरी गाडीत बसलास तरी तू हरलास. नऊच्या नऊ किलोमीटर पायी गेलास तर मी हरलो. आणि जो हरेल त्याने एका शुक्रवारी, पाच ते सात, अक्रमचा हा मरून एप्रन घालायचा आणि इथे जो जो हॉर्न वाजवेल त्याच्या गाडीपाशी चालत जाऊन चहा द्यायचा. अख्ख्या बिल्डिंगला."

"डन," विजयकुमारने खिडकीतून हात बाहेर काढला. रॉयस्टननेही काढला. हात काही एकमेकांपर्यंत पोचेनात, आणि खाली उतरायला तर दोघंही तयार नव्हते. शेवटी अक्रमने मध्ये उभं राहून एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला. "खलास साब. मैं गवाह."

आता एप्रनची ही अट रॉयस्टनने सहज नव्हती घातली. त्याला पक्कं माहीत होतं, की आपण हरणार नाही. नाहीतर त्या एप्रनची सगळ्यात जास्त भीती त्यालाच होती.

वसईहून एकोणिसाव्या वर्षी दुबईला आला तेव्हा रॉयस्टन वेटर होता. पंधरा वर्षं त्याने ट्रे उचलला. आता तो एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होता, हाताखाली बेचाळीस वेटर, अंगावर काळा सूट. मॅनेजर झाला त्या दिवशी त्याने ट्रे खाली ठेवला तो ठेवलाच. घरी पाहुणे आले तरी पाण्याचा ग्लास बायको, जॅकलीन, द्यायची, हा नुसतं बोटाने दाखवायचा, "त्या साहेबांना, त्या मॅडमना." ख्रिसमसला कुसवारचं, म्हणजे फराळाचं, ताट शेजारी न्यायचं तरी हा पुढे आणि ताट घेऊन बायको मागे.

बाकी माणूस मात्र वात्रट. एका एक एप्रिलला त्याने लिफ्टमध्ये नोटीस लावली होती, की उद्या जिमच्या ट्रेडमिलचं उद्घाटन मिस्टर सरपोतदार तीन किलोमीटर धावून करतील. सकाळी सहाला अठरा माणसं टाळ्या वाजवायला जमली होती. विजयकुमार फीत कापून नाश्त्याला गेला.

पैजेची बातमी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली ती विजयकुमारच्या मुलाने, सिद्धांतने. सोळा वर्षांचा मुलगा, बापावर त्याचा विश्वास किती? "सॉरी बाबा, आय ॲम विथ रॉयस्टन अंकल ऑन धिस वन," एवढाच.

पुढचे तीन आठवडे रॉयस्टनने विजयकुमारवर नजर ठेवली. पहिल्या आठवड्यात जरा धाकधूक झाली, कारण विजयकुमार नवे बूट घालून खालिद लगूनला चालायला जायला लागला. रॉयस्टन एकदा मागोमाग गेला. बघतो तर काय, विजयकुमार गाडी घेऊन लगूनला गेला, पार्किंगसाठी वीस मिनिटं फिरला, उतरला, दोनशे पावलं चालला, कणसाच्या गाडीपाशी थांबला, कणीस खाल्लं, आणि दमून परत गाडीत जाऊन बसला. रॉयस्टन त्या रात्री छान झोपला.

फक्त एक गोष्ट त्याने धरली नव्हती. जॅकलीन.

"आपणही जायचंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"गोझोला. अनुपमाबरोबर माझं ठरलंय. सतरा वर्षांत तू मला बीच दाखवलास तो खोर फक्कानचा. तोसुद्धा गाडीतून."

"एसी चालू होता की नाही?"

"रॉयस्टन."

"बरं, जाऊ या. नाहीतरी पंच लागेलच कोणीतरी," तो म्हणाला, आणि त्याच्या डोक्यात दिवा पेटला. दुसऱ्याच दिवशी त्याने अक्रमला गाठलं. "करक चहाची पत्ती दे पाव किलो. ती नेहमीची. वेलची पण. आणि दुधाचे डबे कुठले वापरतोस तेही सांग."

*

गोझोला पोचल्यावर पहिले तीन दिवस सगळेच खुळावले. मार्च संपत आलेला, आणि वाळवंटातून आलेल्या माणसांच्या डोळ्यांना एवढं हिरवं एकदम झेपेना. दगडी गडगे, त्यांच्या फटीफटीतून पिवळी फुलं, मध्येच लाल पॉपीची शेतं, आणि वाऱ्यावर बडीशेपेचा वास. रॉयस्टनला तर प्रत्येक गावात आपल्या गावच्यापेक्षा दुप्पट मोठं चर्च दिसायला लागलं, आणि प्रत्येक चर्चसमोर उभा राहून तो म्हणायचा, "बांधकाम ठीक आहे." टॅक्सीवाल्याचं नाव ॲरॉन निघालं, तेव्हा त्याने ॲरॉनला मिठीच मारली. "आमच्या आळीत तीन ॲरॉन आहेत! तू चौथा!" ॲरॉनने शांतपणे मीटर चालू केला.

दुःखी होता तो एकटा विजयकुमार. बेटावर कॉफी होती, काळी, बोटभर कपात. चहा मागितला की गरम पाणी आणि बाजूला दोऱ्याला लटकलेली पुडी. तिसऱ्या दिवशी तो पुडी हातात धरून तिच्याकडे बघत बसलेला रॉयस्टनने पाहिला आणि मनात म्हणाला, फळ पिकलंय. आता नुसतं झाड हलवायचं.

चौथ्या दिवशी सकाळी आठला मंडळी चर्चच्या चौकात जमली. विजयकुमार निळ्या काठ्या घेऊन, अनुपमा जुन्या कॅनव्हासच्या बुटांत, आणि त्यांच्याबरोबर जॅकलीन, डोक्याला रुमाल बांधून. सिद्धांतने शारजातून बापाचं लाइव्ह लोकेशन बिल्डिंगच्या ग्रुपवर जोडून दिलं होतं. अख्ख्या बिल्डिंगची माणसं एका निळ्या ठिपक्याकडे डोळे लावून बसली होती.

"भाऊ, तुम्ही नाही येत चालायला?" अनुपमाने विचारलं.

"वहिनी, मी पंच आहे. पंच खेळत नाही. शिवाय गुडघे." रॉयस्टनने पायातल्या काळ्या चकचकीत बुटांकडे बोट दाखवलं, जणू गुडघे तिथे होते. "मी ॲरॉनबरोबर वाटेत भेटेन. तुमची ख्यालीखुशाली विचारायला."

त्याने पहाटे पाचला उठून, कोणाला कळू न देता, अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरात अर्धा तास चहा उकळला होता. जॅकलीनचा मोठा थर्मास काठोकाठ भरून टॅक्सीत, सीटखाली.

योजना साधी होती. पाचव्या किलोमीटरला वाट एका डांबरी रस्त्याला ओलांडून जात होती. तिथे गाडी उभी करायची. दमला-भागला विजयकुमार येणार. गाडीचं दार उघडं, आत एसी, मऊ सीट, आणि चार दिवसांनी करकचा वास. चहा फक्त आत बसून मिळेल. बसला की खलास.

रॉयस्टन साडेनऊला तिथे पोचला. दहा वाजले. सव्वादहा. वाटेवर एक शेळीसुद्धा नाही. त्याने फोन काढला. निळा ठिपका चौथ्या किलोमीटरच्या अलीकडे थांबला होता. दहा मिनिटं झाली, तिथेच. पंचवीस मिनिटं झाली, तिथेच. ग्रुपवर सिद्धांतने लिहिलं होतं, 'ही इज डन, गाइज.' सोळाव्या मजल्यावरच्या ईश्वरीने एप्रन घातलेल्या अस्वलाचं चित्र टाकलं होतं.

आता शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. माणूस आपणहून हरतोय, हरू दे की. पण रॉयस्टनला नुसतं जिंकण्यात काय गंमत? विजयकुमार आपल्या गाडीत, आपल्या चहासाठी बसायला हवा होता, आणि त्याचा फोटो हवा होता. वाट वळणं घेत असली तरी सरळ रेषेत तो अर्ध्या किलोमीटरवरच कुठेतरी, त्या खळग्यापलीकडे असणार. मी इथे आहे हे त्याला कळायला नको?

रॉयस्टन पुढे झुकला आणि ॲरॉनच्या खांद्यावरून हात घालून हॉर्न दाबला.

पीं-पीं.

ॲरॉन दचकला. बेट इतकं शांत होतं, की हॉर्न समोरच्या टेकडीवर आपटून परत आला.

रॉयस्टनने फोन पाहिला. ठिपका हलला.

पीं-पीं!

ठिपका आणखी पुढे आला. चांगला भरभर.

"येतोय, येतोय बेटा!" रॉयस्टन हातावर हात चोळायला लागला. त्याने आणखी चारदा हॉर्न मारला. बाजूच्या दगडी घराच्या बाल्कनीत एक म्हातारी बाहेर येऊन ॲरॉनला काहीतरी लांबलचक बोलली.

"नो मोर हॉर्न," ॲरॉन म्हणाला. "माय आंटी."

पण आता हॉर्नची गरजच नव्हती. पिवळ्या फुलांतून आधी दोन निळ्या काठ्या वर आल्या, मग विजयकुमारचं लालबुंद तोंड. घामाने निथळत होता, पण चालत होता, आणि चालता चालता त्याने उजव्या हाताचं एक बोट वर केलं होतं. रोज संध्याकाळी गाडीतून करायचा तस्सं. एक, साखर कमी.

रॉयस्टनने मागचं दार सताड उघडलं. थर्मासचं झाकण काढलं. वेलचीचा वास बाहेर पडला आणि विजयकुमारच्या नाकपुड्या फुलल्या.

"करक?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"अक्रमचीच पत्ती. ये, बस. बसून पी. उभ्याने काय पितोस?"

विजयकुमारने एक हात दारावर ठेवला. सीटकडे पाहिलं. चहाकडे पाहिलं. एक पाय उचलला. रॉयस्टनचा अंगठा फोनच्या कॅमेऱ्यावर तयार होता. मागून अनुपमा आली. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली, आणि सुटलेली नसताना ती एवढा वेळ बांधत राहिली, की विजयकुमारचा पाय हवेतच राहिला.

तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून एक हात आत आला आणि थर्मास बाहेर गेला.

"हा माझा आहे," जॅकलीन म्हणाली. "सकाळपासून शोधतेय. म्हटलं, अपार्टमेंटमध्ये वेलचीचा वास कुठून येतोय?"

"जॅकलीन! तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"चालणाऱ्यांच्या. घ्या विजयभाऊ."

विजयकुमारने रस्त्यावर उभ्या उभ्या तीन कप चहा प्यायला. पहिल्या कपाला डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले, आणि तिसऱ्याला त्याच्या पाठीचा कणा दोन इंच वाढला असं रॉयस्टनला स्पष्ट दिसलं. मग त्याने तोंड पुसलं, काठ्या उचलल्या आणि म्हणाला, "यल्ला, चला."

तिघंही निघून गेले. थर्माससकट. रॉयस्टनला घोटभरही उरला नाही.

"फॉलो देम!" तो ओरडला.

"नो रोड," ॲरॉन म्हणाला.

लाल वाळूच्या बीचवर जायला गाडीरस्ता होता, पण तो वरच्या कड्यापर्यंतच. पुढे दगडी पायऱ्या आणि पायऱ्या संपल्यावर चिखलाची पायवाट. ॲरॉनने त्याला तिथे उतरवलं आणि म्हणाला, की त्याच्या मावशीकडे आता जेवणाची वेळ झालीय, तो तीनला येईल. ही दुसरी मावशी होती.

म्हणजे शेवटी पंचालाही चालावं लागलं. अर्धा किलोमीटर, चकचकीत बुटांत. दोनदा तो बसला, एकदा स्वतःहून आणि एकदा घसरून. पण मनात अजून आशा होती. विजयकुमारचे चार किलोमीटर उरले होते. इन्शाल्ला, कुठेतरी कोसळला असेल.

बीचवर पोचला तेव्हा तिथे माणसं तीनच होती. जॅकलीन पाण्यात पाऊल बुडवून उभी होती, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन. थोड्या अंतरावर विजयकुमार आणि अनुपमा वाळूत बसले होते. बूट काढलेले, काठ्या वाळूत रोवलेल्या. आणि विजयकुमार गप्प होता. जो माणूस लिफ्टच्या चौदा मजल्यांत कंपनीच्या तीन कंटेनरची कहाणी सांगून संपवायचा, तो एक अक्षर न बोलता समुद्राकडे बघत होता. अनुपमाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. लाट यायची, जायची. बाकी आवाज म्हणजे रॉयस्टनच्या बुटांचा, पचाक पचाक.

रॉयस्टनच्या जिभेवर एक टोमणा तयार होता. तो त्याने गिळला. का, ते त्यालाही कळलं नाही.

मग तो शेजारी धप्पकन बसला. "एकदासुद्धा नाही बसलास कुठल्या गाडीत?"

"ठिपका बघ ना," विजयकुमार म्हणाला. "आणि रॉयस्टन, थँक यू हां. मनापासून."

"कशाबद्दल?"

"अरे, मी तर चौथ्या किलोमीटरच्या आधीच बसलो होतो दगडावर. अनुला म्हटलं, संपलं माझं. टॅक्सीवाल्याचा नंबर काढला होता, बोट फक्त दाबायचं बाकी. तोंड असं झालं ना तिचं... आणि तेवढ्यात कुठून तरी आलं, पीं-पीं." विजयकुमार हसायला लागला. "देवाशपथ सांगतो, मी उठलो नाही, पाय उठले. अकरा वर्षांची सवय रे. पीं-पीं वाजलं म्हणजे चहा येतो. मेंदू म्हणतोय बस, आणि पाय चाललेत. तू वाजवतोयस, मी चालतोय. तू थांबला असतास ना, तर मी तिथेच असतो अजून."

रॉयस्टनने वाळूत बोटाने एकेक रेघ ओढली. सहा वेळा. स्वतःच्या हाताने सहा वेळा दाबला होता त्याने हॉर्न.

"हे ग्रुपवर नको सांगूस," तो हळूच म्हणाला.

"भाऊ," अनुपमा म्हणाली, "जॅकलीनने मघाशीच टाकलं."

*

शुक्रवारी संध्याकाळी पाचला कॅफेटेरियासमोर गाड्यांची रांग सिग्नलपर्यंत गेली होती. बिल्डिंगची सगळी पार्किंग रिकामी. कधी नव्हे ते सतराव्या मजल्यावरचे यहयाअंकलसुद्धा नातवंडांना घेऊन आले होते. आणि सगळ्यात पुढे, अगदी दाराशी, एक पांढरी व्हॅन. व्हॅनमध्ये रॉयस्टनच्या हॉटेलचे अकरा वेटर आणि ड्रायव्हर.

"यांना कोणी बोलावलं?" रॉयस्टनचा आवाज चिरकला.

जॅकलीन गाडीत बसून काच वर घेत होती.

अक्रमने एप्रन पुढे केला. मरून, पोटावर हळदीचा जुना डाग. रॉयस्टनने तो घातला. मागे गाठ मारायला अक्रम सरसावला, पण रॉयस्टनचे हात आपणहून मागे गेले आणि न बघता गाठ मारून मोकळे झाले.

पीं-पीं, व्हॅन म्हणाली. काच खाली आली. "बारा करक, सर," सगळ्यात धाकटा वेटर म्हणाला. तोंड एकदम गंभीर, पण मागचे दहा जण सीटखाली वाकून हसत होते.

काउंटरवर बारा कप आले. अक्रम म्हणाला, "साब, दो चक्कर में ले जाओ." रॉयस्टनने ट्रेकडे पाहिलं. वीसेक वर्षांत हात लावला नव्हता. मग त्याने डावा तळवा ट्रेखाली सरकवला, बोटं पसरली, आणि बाराच्या बारा कप खांद्याच्या वर गेले. एका हातावर. दोन गाड्यांच्या बोळकांडीतून तो आडवा होऊन निघाला, अंगावर येणारी मोटरसायकल कंबर वळवून चुकवली, आणि व्हॅनच्या खिडकीशी पोचला तेव्हा एकही थेंब बशी नसलेल्या त्या कपांबाहेर सांडला नव्हता.

व्हॅनमधलं हसू थांबलं.

"बघितलंस?" रॉयस्टन त्या धाकट्याला म्हणाला. "मनगट सरळ. नजर पुढे, कपाकडे नाही. तू परवा लग्नात सूप कसं सांडलंस, माहितीय? कपाकडे बघत होतास."

"यस, सर."

त्यानंतर तो थांबलाच नाही. रांगभर पीं-पीं चाललं होतं आणि रॉयस्टन गाड्यांमधून नाचत होता. एका हाताला ट्रे, दुसऱ्याने काचेवर टकटक. "मॅडम, आपला विदाउट शुगर. साहेब, पराठा गरम आहे, जीभ सांभाळा. सिद्धांत, तू माझ्या बाजूने होतास ना? मग तुला साखर नाही." लोक एक चहा संपवून पुन्हा हॉर्न मारत होते, नुसतं त्याला येताना बघायला. अक्रम काउंटरला टेकून आयुष्यात पहिल्यांदा बसून चहा पीत होता.

सात वाजायला दोन मिनिटं असताना रॉयस्टनने रांगेवरून नजर फिरवली. सगळे आले होते. एक गाडी सोडून.

"सरपोतदार कुठाय?" त्याने विचारलं. "घाबरला की काय यायला?"

मग त्याला तो दिसला. टॉवरच्या दारातून अनुपमाचा हात धरून विजयकुमार रस्ता ओलांडत होता. पायी. ऐंशीच्या ऐंशी पावलं. फुटपाथवर येऊन, दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो नीट उभा राहिला. गाडी नव्हती, म्हणजे हॉर्न नव्हता. त्याने घसा साफ केला आणि अख्ख्या अल मजाजला ऐकू जाईल अशा आवाजात, तोंडाने म्हणाला,

"पीं-पीं!"

रॉयस्टनने ट्रे खांद्यावर चढवला, एप्रनची घडी झटकली, आणि भर रस्त्यात कमरेतून वाकला.

"एक, साखर कमी. आलोच, साहेब."